शांत म्हणायचं नाही

मिरासोल गावच्या हॉस्पिटलात एक शब्द तोंडातून काढायला बंदी होती, आणि तो शब्द शिवी नव्हता. शिव्या तिथे स्पॅनिशमधून चालत, फिलिपिनो लोकांच्या इलोकानोतून चालत, पंजाबीतून तर एक सर्जन रोज घालत असे. पण 'आज किती शांत आहे' असं कुणी म्हटलं की आख्खा वॉर्ड त्याच्या अंगावर धावून जाई. शांत म्हटलं की संपलंच. घटकाभरात दारात ॲम्ब्युलन्स, दोन खाटांवरच्या घंटा एकदम सुरू, आणि ज्याचा ताप उतरला होता त्याला पुन्हा हुडहुडी. याला शास्त्रात काडीचा आधार नाही हे तिथली प्रत्येक नर्स जाणून होती, आणि तरी एकीचीही तो शब्द उच्चारायची छाती होत नसे. जो उच्चारेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाला जेवू घालायचं, अशी रीतच पडली होती.

ही रीत सगळ्यात कडक पाळायची ती सियांग. कागदावर तिचं नाव कॉन्सोर्सिया दुमलाव, पण ते फक्त पगाराच्या पाकिटावर. घरी सियांग, गावातल्या फिलिपिनो मंडळींत मानांग, म्हणजे थोरली ताई, आणि नर्सिंगच्या पोरापोरींत नुसतं 'मिस'. उंचीला एवढीशी, पण चालायला लागली की मागच्यांना पळावं लागे. बाप द्राक्षं तोडायचा, ती स्वतः शाळेच्या सुट्टीत द्राक्षं खोक्यांत भरायची. मग गावच्याच कम्युनिटी कॉलेजात नर्स झाली. या कॉलेजात फी थोडी, पार्किंग लांब, आणि शिकणारे निम्मे कामावरून थेट वर्गात आलेले, डोळे तारवटलेले.

विद्यार्थिनी असताना कालव्याजवळच्या या हॉस्पिटलात तिने पहिलं बाळंतपण पाहिलं आणि ती दाणकन खाली पडली. कळा देणाऱ्या बाईला ते बघून इतकं हसू आलं की बाळ त्या हसण्यातच बाहेर आलं, असं सियांग सांगते. खरंखोटं देव जाणे. त्यानंतर मात्र ती कधी पडली नाही. त्याच बाळंतपणाच्या वॉर्डात तिने उभी हयात काढली. मिरासोलमधल्या निम्म्या पोरांना जगातला पहिला टॉवेल तिने गुंडाळलेला आहे, आणि बाजारात एखादा दाढीवाला बाप्या दिसला की ती बिनदिक्कत म्हणते, "हा? हा पायाकडून आला होता. अजून तसाच उलटा आहे."

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने नोकरी सोडली आणि कॉलेजात शिकवायला लागली. शिकवायचं ते वर्गात नाही, वॉर्डात. आठ-दहा जणांना घेऊन सकाळी हॉस्पिटलात शिरायचं आणि खाटेपाशी उभं करून हात कामाला लावायचे. तिचा पहिला धडा एकच असे. पेशंटच्या खोलीत पाऊल टाकलं की हात लावायच्या आधी नाव सांगायचं. "नमस्कार, मी अमुक. आज तीन वाजेपर्यंत मी तुमची नर्सिंग विद्यार्थिनी आहे. कुठे दुखतंय?" हे ती पोरांकडून इतकं घोकून घेई की एकाने म्हणे सासरी पाया पडायला गेल्यावर सासूला तेच ऐकवलं.

आणि अशा बाईला एके दिवशी तिच्याच वॉर्डाच्या दारातून परत पाठवलं.

झालं असं की हॉस्पिटलाने कुठल्या विद्यार्थ्यांना कुठल्या वॉर्डात घ्यायचं हे ठरवायला नवीन ऑफिस उघडलं, आणि त्या ऑफिसने बाळंतपणाच्या वॉर्डातल्या वर्षभराच्या सगळ्या जागा शहरातल्या एका बड्या खाजगी विद्यापीठाला देऊन टाकल्या. सियांग पोरांची रांग घेऊन दारात पोचली तर आत जांभळ्या गणवेशातली अनोळखी मुलं उभी. वॉर्डाची प्रमुख नर्स इनेस, पोर्तुगीज घरातली, सियांगच्या हाताखाली शिकून मोठी झालेली. ती दारातच आडवी आली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मानांग, माझ्याकडे अशी बघू नकोस. हे वर ठरलंय."

"वर म्हणजे देवाकडे?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"तुझ्या बोर्डावर काय लिहिलंय वाच जरा. 'नर्स पाहिजेत.' नर्स पाहिजेत, आणि नर्स घडवायला जागा नाही. म्हणजे भात पाहिजे, पण चूल मांडू देणार नाही."

"मला वाचता येतं गं, मानांग," इनेस म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं.

सियांगने पोरांना परत कॉलेजात नेलं आणि रबरी बाहुलीवर बाळंतपण शिकवलं. ही बाहुली बटण दाबलं की कण्हते आणि रबरी बाळ बाहेर ढकलते, तेही स्प्रिंग अडकली नाही तर. बाहुली शिव्या घालत नाही. घाबरत नाही. नवऱ्याचा हात पिरगळत नाही. सियांग त्या बाहुलीचा मनापासून द्वेष करी.

आता यात सगळ्यात जास्त अडकली होती ती येसेनिया बार्रागान. ही पोर वृद्धाश्रमात काम करून शिकत होती, पदरात एक लहान मुलगा. आई द्राक्षाच्या मळ्यात. येसेनियाला नर्सचा परवाना मिळाला की आईने द्राक्षाची कात्री कायमची खाली ठेवायची, असा मायलेकींत करार होता. बाकी सगळे विषय येसेनियाने झटक्यात उरकले असते, पण खऱ्या बाळंतपणाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहिल्याशिवाय कॉलेज सही देत नाही, आणि सहीशिवाय परीक्षा नाही. पुढच्या वर्षीच्या मे महिन्याआत ते झालं नाही तर तिचा प्रवेशच बाद होणार होता. शेजारच्या गावांतल्या हॉस्पिटलांत विचारून झालं. तिथे त्यांचीच पोरं रांगेत होती.

तेवढ्यात आमच्या भागाच्या आमदारबाईंनी राज्याच्या राजधानीत, साक्रामेंटोला, एक विधेयक आणलं. साधंच होतं. कम्युनिटी कॉलेजने जागा मागितली तर हॉस्पिटलाने बसून बोलायचं आणि जागा द्यायचा खरोखर प्रयत्न करायचा. नाहीच जमलं तर का जमलं नाही हे सरकारला लेखी कळवायचं.

सियांगचा नवरा मेल्चोर, द्राक्षाच्या गोदामातून निवृत्त झालेला, जेवताना म्हणाला, "एवढंच? कारण लिहून कळवायचं? हा तर बिनदाताचा कायदा झाला."

"बिनदाताचं बाळ किती जोरात चावतं ते आयांना विचार," सियांग म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

विधेयकावरच्या समितीपुढे बोलायला कॉलेजने सियांगचं नाव दिलं. दोन मिनिटं मिळणार होती. कॉलेजातल्या एका हुशार माणसाने तिला भाषण लिहून दिलं, ते तिने स्वयंपाक करताना, चर्चमध्ये मिस्साला जाताना, गाडीत, सगळीकडे म्हणून पाहिलं. मेल्चोरला ते तिच्याआधी पाठ झालं.

ठरल्या दिवशी पहाटे कॉलेजची व्हॅन निघाली. आत सियांग, दहा विद्यार्थी पांढऱ्या गणवेशात, आणि पान्सितचा, म्हणजे शेवयांचा, भलामोठा ट्रे, कारण उपाशी माणूस कायदा करू शकत नाही असं सियांगचं मत होतं. सगळे इतके उत्साहात होते की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. वर्गातला तोउ वांग, एरवी अबोल पोरगा, खिडकीतून बघत म्हणाला, "आज हायवे किती शां—"

येसेनियाचा तळवा त्याच्या तोंडावर बसला. पण अर्धा शब्द बाहेर पडला होता. फ्रेझ्नोच्या अलीकडे टायर गेला.

"बघ," सियांग म्हणाली, "अर्धाच बोललास म्हणून एकच गेला." तोउ बिचारा गणवेशाची बाही वर करून स्वतः जॅक लावायला उतरला.

समितीच्या खोलीत ते पोचले तेव्हा त्यांचंच विधेयक पुकारलं जात होतं. अध्यक्ष म्हणजे एक बदामाच्या बागांचा मालक, जाड भुवयांचा, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. आमदारबाई दोन शब्द बोलल्या आणि त्यांनी सियांगकडे हात केला. सियांग माइकपाशी बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिने आधी अध्यक्षांचे आभार मानले. मग उपाध्यक्षांचे. समोर बसलेल्या प्रत्येक सभासदाचे, पाटीवरचं नाव वाचून. मग आमदारबाईंचे, कॉलेजचे, व्हॅन चालवणाऱ्या गृहस्थांचे. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की मोठ्यांच्या घरी गेलं की मागण्याआधी मान द्यावा, आणि मान देताना कुणाला वगळू नये. कॉलेजातल्या हुशार माणसाने लिहिलेल्या भाषणात यातलं काही नव्हतं, पण इतक्या मोठ्या माणसांपुढे एकदम विषयाला हात घालायला तिची जीभ धजेना. शेवटी तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "तर आमच्या कॉलेजात एक रबरी बाहुली आहे..."

"आभारी आहोत, बाई," अध्यक्ष म्हणाले. "वेळ संपली."

सियांगला वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. वॉर्डात एखादी पोर रिपोर्ट देताना पाल्हाळ लावायला लागली की तिला मध्येच तोडणारी ती, तिनेच पोरांचं वर्ष आभार मानण्यात घालवलं होतं. ती मागे येऊन बसली. येसेनियाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तर तिने तो हळूच बाजूला केला. तिला कुणाकडून धीर नको होता, तिला स्वतःचा संताप आला होता.

यानंतर तिथली एक पद्धत असते. ज्यांना भाषण करायला मिळत नाही ते रांगेने माइकपाशी येतात आणि फक्त तीन गोष्टी सांगतात: नाव, कुठून आलो, आणि पाठिंबा की विरोध. चौथी गोष्ट बोललं की तिथला कर्मचारी डोळे वटारतो. पोरांची रांग लागली. पुढे येसेनिया.

येसेनिया माइकपाशी गेली. समोर उंचावर अध्यक्ष, त्यांचं प्लास्टर केलेलं मनगट टेबलावर पसरलेलं, बोटं थोडी सुजलेली. तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. आणि पुसलेल्या डोक्यात जे कायमचं कोरलेलं होतं ते आपसूक बाहेर पडलं.

"नमस्कार सर. मी येसेनिया. आज तीन वाजेपर्यंत मी तुमची नर्सिंग विद्यार्थिनी आहे. कुठे दुखतंय?"

अध्यक्षांनी भुवया वर केल्या.

"मनगट," ते म्हणाले. "घोड्यावरून पडलो असं सगळ्यांना सांगतो. पडलो बाथरूममध्ये."

खोलीत हशा पिकला. कर्मचाऱ्याने घसा खाकरला. "बाई, पाठिंबा की विरोध?"

"कशाला?" येसेनियाने विचारलं. तिचं सगळं लक्ष अजून बोटांच्या सुजेवर होतं.

"विधेयकाला!"

"हो हो. पाठिंबा. आणि सर, हात छातीच्या वर ठेवा, तसा खाली टेकवू नका."

अध्यक्षांनी मुकाट्याने हात उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवला.

मागे तोउ होता. त्याला वाटलं असंच म्हणायचं असतं. "नमस्कार सर. मी तोउ. आज तीन वाजेपर्यंत मी तुमचा नर्सिंग विद्यार्थी आहे. पाठिंबा." त्याच्या मागच्या मुलीने तेच म्हटलं. तिच्या मागच्यानेही. एका सुरात, एकामागून एक, दहाही जण अध्यक्षांच्या सेवेत तीन वाजेपर्यंत हजर झाले. हसणाऱ्यांचं हसू हळूहळू कमी होत गेलं आणि लोक त्या पोरांकडे नीट बघायला लागले. सियांगच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. तिचं भाषण गेलं होतं चुलीत. पण तिने शिकवलेलं एकही अक्षर वाया गेलं नव्हतं, हे तिला समोर दिसत होतं आणि तिची छाती आनंदाने भरून आली होती.

मग विरोधात हॉस्पिटलांच्या बाजूने एक सद्गृहस्थ उठले. बोलले छान. प्रत्येक हॉस्पिटलाला आपल्या खाटा किती ते कळतं, सगळे मनापासून प्रयत्न करतातच, त्यासाठी कायद्याची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. "मी पडलो त्या दिवशी इमर्जन्सीत तासन् तास बसलो होतो," ते म्हणाले. "मोकळी नर्स नाही म्हणून. आता इथे दहा जण मला सांभाळायला निघालेत, आणि तुम्ही म्हणता यांना शिकायला उभं राहायलाही जागा नाही. म्हणजे पुढच्या वेळी पडलो की मी जेवणाचा डबा घेऊनच येऊ?"

सद्गृहस्थ हसले आणि कागद गोळा करून खाली बसले. नावं पुकारली गेली. हो, हो, नाही, हो. विधेयक पुढे गेलं. बाहेर व्हरांड्यात पोरांनी इतका कल्ला केला की पहारेकरी धावत आला, आणि सियांगने त्याच्या हातात पान्सितची बशी ठेवली.

"मिस, मी गोंधळ घातला," येसेनिया रडकुंडीला येऊन म्हणाली.

"घातलास," सियांग म्हणाली. "पेशंटची सूज बघितलीस, नाव सांगितलंस, सल्ला दिलास. असाच गोंधळ जन्मभर घाल."

त्यानंतर विधेयक या सभागृहातून त्या सभागृहात गेलं, आणि पानगळीत गव्हर्नरांची सही झाली. बातमी आली तेव्हा सियांग दुकानात कोबी निवडत होती. तिने दोन गड्डे हवेत उडवले, त्यातला एक झेलला. नवीन वर्षी कायदा लागू झाला, आणि ज्या तिसऱ्या मजल्याने दार लावलं होतं त्याच मजल्याने तिला चहाला बोलावलं. आठवड्यातला एक दिवस, सकाळी सात ते दुपारी तीन, बाळंतपणाचा वॉर्ड तुमच्या पोरांचा, असं ठरलं. बिनदाताचा कायदा बरोबर चावला होता.

पण बाळं काही कायदा वाचून येत नाहीत. आठवड्यामागून आठवडे पोरं जात राहिली. तोउच्या समोर जुळं झालं आणि तो पडला नाही. एकेकाची सही होत गेली. फक्त येसेनियाचं नशीब आडवं. तिची पाळी आली की बाईला ऐनवेळी ऑपरेशनला न्यायचे. नाहीतर बाळ सकाळी सात वाजायच्या आत येऊन मोकळं. नाहीतर सकाळपासून वॉर्ड कोरडा. आणि बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. यानंतर जागा थेट पुढच्या वर्षी.

त्या दिवशी वॉर्डात चिटपाखरू नव्हतं. खाटा अंथरलेल्या, पाळणे रिकामे. येसेनियाने सकाळभर कपाटं पुसली, टॉवेलांच्या घड्या मोडून परत घातल्या. जेवणाची वेळ टळली. घड्याळ एकच्या पुढे सरकलं, तशी तिने सियांगला कोपऱ्यात गाठलं.

"मिस, बाहुलीवर मी दोनदा केलंय. तोउच्या वेळी दाराबाहेर उभी होते, सगळं ऐकलंय. सही कराल का?"

सियांगने सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"माझी आई काल विचारत होती, कात्री या वर्षी धार लावायला द्यायची का नाही म्हणून," येसेनिया म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं, पण बोलली.

इनेस टेबलामागून म्हणाली, "कर ना सही, मानांग. पोरगी सोन्यासारखी आहे. कोण विचारणार आहे?"

"उद्या एखादी बाई हिच्यासमोर किंचाळेल," सियांग म्हणाली, "तेव्हा ही ते पहिल्यांदा ऐकत असेल. ती बाई विचारेल." नाही म्हणताना तिच्या जिवाचं पाणी झालं होतं. येसेनियाने मान हलवली आणि परत टॉवेलांकडे गेली, कारण मिसचं खरं आहे हे तिलाही कळत होतं, आणि त्यामुळेच तिला जास्त रडू येत होतं.

सियांगने घड्याळाकडे बघितलं. रिकाम्या पाळण्यांकडे बघितलं. उभ्या जन्मात तिने जिन्याखालून जायला, काळ्या मांजराला, तेरा आकड्याला भीक घातली नव्हती. एकाच गोष्टीला ती भ्यायली होती. ती वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"काय गं इनेस, आज वॉर्ड किती शांत आहे!"

इनेसच्या हातातलं पेन पडलं. आतल्या खोलीतून दोन नर्स धावत आल्या. "मानांग! वेड लागलं का तुला?"

"शांत," सियांग म्हणाली. "अगदी शांत. इतकं शांत मी कधी बघितलंच नव्हतं."

इनेसने छातीवर क्रूसाची खूण केली. आणि टेबलावरचा फोन वाजला.

लिफ्ट उघडली तेव्हा व्हीलचेअरवर एक तरणी बाई होती, दोन्ही मुठींत नवऱ्याचा शर्ट आवळलेला, आणि तिच्या तोंडून अशी भाषा चालली होती की पंजाबी सर्जननेही कान देऊन ऐकली असती. मागच्या लिफ्टमध्ये दुसरी होती. इनेस खोल्या उघडत धावत सुटली आणि धावताना सियांगच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

येसेनिया पहिल्या बाईच्या खोलीत शिरली. तिने बाईच्या डोळ्यांत बघितलं.

"नमस्कार. मी येसेनिया. आज तीन वाजेपर्यंत मी तुमची—"

"तीन?" बाई ओरडली. "हे तीनला संपणार आहे?"

"नाही," येसेनिया म्हणाली. "मी थांबते. तुम्ही माझा हात धरा, त्यांचा शर्ट सोडा, फाटेल."

बाईने हात धरला. असा धरला की येसेनियाची बोटं पांढरी पडली. बाहुलीने असा हात कधी धरला नव्हता. येसेनियाने श्वास मोजायला शिकवलं, कपाळ पुसलं, शिव्या खाल्ल्या, डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बरोबर जागी सरकून उभी राहिली. तीन वाजले आणि वाजून गेले. बाळाचं डोकं दिसायला लागलं तेव्हा येसेनियाचा चेहरा चुन्यासारखा झाला, आणि सियांगने मागून तिच्या पाठीला एक बोट टेकवून ठेवलं. पडली असती तर त्या बोटाने काही अडली नसती. ती पडली नाही.

बाळ आलं. ओलं, चिडलेलं, मुलगी. रडली तेव्हा तिच्या बापाने रडायला सुरुवात केली आणि तिच्यापेक्षा जास्त आवाज केला. सियांगचे हात सवयीने टॉवेलकडे गेले. अर्ध्या वाटेत थांबले. तिने ते हात गणवेशाच्या खिशांत घातले आणि खिशांतच आवळून धरले.

टॉवेल येसेनियाने गुंडाळला.

संध्याकाळी सियांगने येसेनियाच्या कागदावर सही केली. त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या खोल्या भरल्या, आणि इनेसने तिच्याशी बोलणं टाकलं. फक्त जाताना तिला दारात गाठून एवढंच म्हणाली, "उद्या लुम्पिया. सगळ्यांना. आणि डुकराच्या मटणाचे, कोबीचे नकोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुमलावांच्या स्वयंपाकघरात लुम्पियांचा डोंगर रचला जात होता. मेल्चोर गाजर चिरत होता, सियांग पातळ पारीत सारण भरून गुंडाळ्या करत होती. दार वाजलं. येसेनियाची आई आली होती, डोक्याला मळ्यातला रुमाल नव्हता, हातात मक्याच्या वाफवलेल्या तमालेसचं पातेलं. रात्रभर झोप लागली नाही म्हणाली. पातेलं ठेवून तिने हात धुतले, कुणी न सांगता टेबलापाशी बसली आणि गुंडाळ्या करायला लागली. द्राक्षाच्या घडांना सरावलेली बोटं, मेल्चोरच्या दुप्पट चालत होती.

"एवढे कुणासाठी?" तिने विचारलं.

"वॉर्डासाठी," सियांग म्हणाली. "मला दंड झालाय."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"शांत म्हणाले."

आईला काही कळलं नाही. "मग त्यात काय झालं?"

"ते तुमच्या मुलीला विचारा," सियांग म्हणाली, आणि सारणाचं भांडं तिच्या बाजूला सरकवलं.